मेव्हण्याने दिलेल्या दोन पट्ट्या

मी माझ्या कॉम्प्युटरच्या मेमरीचा वेग स्वतःच्या हाताने वाढवला, आणि वाढवला हे विसरून गेलो.

घडलं ते एवढंच. पुढे जे काही वाचाल ती, त्या विसरण्याचा सूड मी दुसऱ्याच माणसावर तीन महिने कसा उगवत होतो, त्याची हकीकत आहे. दुसरा माणूस म्हणजे माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, गोरागोमटा आहे, आवाज न चढवता बोलतो. असल्या माणसावर सूड उगवायला एरवी कारण लागत नाही, पण मला ते सापडलं होतं.

मी कुंभकोणमला मेलकावेरीत राहतो. लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून देणं हा माझा धंदा. शेजारच्या आडुतुरै गावापर्यंतच्या कित्येक नवऱ्यामुलांचं हसू मी लांबवलंय आणि कित्येक सासऱ्यांच्या जांभया कापल्यात. पण धंद्याने पोट भरतं, मान मिळत नाही. मान मला दिला तो विठोबाच्या भजनमठाने. हा आमच्या मराठी मंडळींचा मठ. आमचे पूर्वज राजांबरोबर घोड्यावरून इकडे आले, असं आमच्यातला प्रत्येक जण सांगतो. सगळेच जर घोड्यावर होते, तर घोड्यांना दाणा कोण घालत होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

वैकाशी महिन्यात, म्हणजे मे-जूनच्या उन्हात, मठात तीन दिवस विठ्ठल-रुक्मिणीचं कल्याण होतं, कल्याण म्हणजे लग्न. चेन्नई, बंगळूर, पुणे आणि समुद्रापलीकडे पांगलेली आमची माणसं ते घरबसल्या बघतात, कारण मी ते माझ्या कॉम्प्युटरवरून त्यांच्यापर्यंत पोचवतो. तिसऱ्या दिवशी मंगलारती झाली की भागवतर, म्हणजे आमच्या भजनाचे म्होरके, माझ्या डोक्याला देवाचं वस्त्र बांधतात. त्याला परिवट्टम म्हणतात. पाचेक मिनिटं ते डोक्यावर असतं. त्या पाच मिनिटांत मी गाभाऱ्यासमोर असा उभा राहतो की विठोबानेही जरा सरकून जागा द्यावी. वर्षभर दुसऱ्यांचे चेहरे उजळवणाऱ्या माणसाला स्वतःचा चेहरा दाखवायची एवढीच संधी.

ही सेवा माझ्याकडे राहते की जाते, हा पुढचा सगळा प्रश्न.

पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, मेव्हणा आला होता. भागवतरही कॉफीला आले होते. आतल्या खोलीत माझा कॉम्प्युटर एक लग्न शिजवत बसला होता, तासभर झाला तरी पडद्यावरची हिरवी पट्टी अर्ध्यावरच. मेव्हणा पेला हातात घेऊन माझ्या मागे उभा राहिला. थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "भावोजी, हा कॉम्प्युटर आहे की आट्टुकल?"

आट्टुकल म्हणजे इडलीचं पीठ वाटायचा दगडी रगडा. विनोद काही फार मोठा नव्हता. पण भागवतर हसले. ऐंशीला टेकलेले भागवतर, ज्यांना मी आयुष्यात कधी दात दाखवताना पाहिलं नव्हतं, ते इतके हसले की कॉफी नाकात गेली आणि माझ्या आईला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

मेव्हण्याने मग बॅगेतून एक छोटी डबी काढली. आत मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या. "ताईनं सांगितलं होतं मशीन अडकतं म्हणून. येताना घेऊन आलो." त्याने मशीन उघडलं, जुन्या दोन पट्ट्यांच्या शेजारी नव्या दोन बसवल्या आणि दहा मिनिटांत बंद केलं. हिरवी पट्टी सरसर पुढे गेली. भागवतर म्हणाले, "भले!" हे भले त्याला होतं. पंधरा वर्षं मी लग्न पोचवतोय, मला कधी भले आलं नाही.

जाताना तो म्हणाला, "भावोजी, जुन्या आणि नव्या पट्ट्या एकत्र आहेत, म्हणून वेग मी साधाच ठेवलाय. तो तसाच राहू द्या."

मी ऐकलं ते असं: तुमच्यासारख्याला साधाच बरा.

त्याची गाडी सुटायच्या आत मी फोनवर एक व्हिडिओ लावून मशीनच्या पोटात शिरलो होतो. कॉम्प्युटर सुरू होताना एक कळ दाबून धरली की ऑपरेटिंग सिस्टिम उठण्याआधीच बायोस नावाची खोली उघडते. मशीनचं माजघर म्हणा. तिथे मेमरीचा वेग लिहिलेला असतो. मेव्हण्याने तो सव्वीसशेवर ठेवला होता. नव्या पट्ट्यांच्या डबीवर छत्तीसशे छापलं होतं. मी छत्तीसशे केला. मशीन एकदा कण्हलं आणि सुरू झालं. मी मांडीवर थाप मारली. कुणाला सांगितलं नाही. बेत असा होता की वैकाशीत सगळ्यांसमोर तो विचारेल, "भावोजी, एवढा वेग आला कुठून?" आणि मी नुसता मिशीत हसेन.

यातला घोळ काय, ते पंगतीवरून सांगतो. पंगतीत चार वाढपी आहेत. दोन नवे, चपळ. दोन जुने, आपल्या चालीने चालणारे, कधी कुणाच्या पानावर चुकीचं न वाढणारे. तुम्ही चौघांनाही ओरडून सांगितलंत की पळा. नवे पळतील. जुनेही पळतील, काही वेळ. मग सांबार पायसाच्या द्रोणात पडेल, रसम एखाद्याच्या मांडीवर. सगळ्यात वाईट म्हणजे ते रोज एकाच पानावर पडणार नाही, त्यामुळे दोष कुणाचा ते कळणार नाही.

पोंगलला सुरू होणारा तई महिना थंडीचा, पुढचा मासीही बरा गेला. मशीन पळत होतं. आणि एखादी गोष्ट नीट चालली की ती आपोआपच चालते असं माणसाला वाटू लागतं. मी वेग वाढवल्याचं विसरलो. खोटं नाही, पंढरीनाथाची आण, पार विसरलो.

मार्चच्या मध्यावर पंगुनी महिना लागला, ऊन तापलं आणि पहिली निळी स्क्रीन आली. सगळं काम जागच्या जागी थिजलं, निळ्या पडद्यावर दिलगिरीचं एक वाक्य, खाली कसला तरी कोड, आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी दुसरा कोड. तिसऱ्या दिवशी तिसरा. आडुतुरैच्या एका लग्नात मंगळसूत्र बांधायच्या क्षणी नवऱ्याच्या तोंडावर हिरवे चौकोन उमटले. मुलीचे वडील फोनवर म्हणाले, "सार, मापिळ्ळैला आधीच आमच्यात कुणी पसंत करत नव्हतं, त्यात तुम्ही हे केलंत." मापिळ्ळै म्हणजे जावई.

मला गुन्हेगार सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. घरात नवीन काय आलंय? दोन पट्ट्या. कुणी आणल्या?

"तुझ्या भावाने दिलेल्या पट्ट्या सडक्या आहेत," मी बायकोला सांगितलं.

"दोन महिने चालल्या ना?"

"विष हळूहळूच भिनतं."

"मग रोज तीन वेळा कॉफी पिताना तुम्हाला कसं काय होत नाही?" ती म्हणाली आणि निघून गेली. त्या घरचे सगळे असेच बोलतात, आवाज न चढवता.

पुरावा हवा होता. मेमरी तपासायचा एक प्रोग्राम असतो, पेन ड्राइव्हवरून चालतो आणि तासन्‌तास पट्ट्यांचा कोपरान्‌कोपरा घासून बघतो. रविवारी सकाळी तो लावला. अकराच्या सुमारास पडद्यावर चुकांच्या लाल ओळी उमटू लागल्या. एक, चार, चाळीस. मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या गोष्टींनी झालाय. मी फोटो काढला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बरेच आकडे होते, ते दिसायला बरे दिसत नव्हते म्हणून मी फोटो नीट कापून घेतला. धंद्याची सवय. त्या आकड्यांत मेमरीचा वेग लिहिलेला होता, हे मला फार उशिरा कळलं.

आता न्यायाने वागायचं तर जुन्या पट्ट्यांचीही वेगळी तपासणी करायला हवी होती. ती मी केली, न्यायी माणूस आहे. सोमवारी नव्या पट्ट्या काढून ठेवल्या आणि एकट्या जुन्यांची परीक्षा घ्यायला बसलो. तर आई दारात.

"काय करतोस डा?"

"परीक्षा लावतोय."

"परीक्षा? आत्ता? राहुकाळ चालला आहे. नऊ जाल्यावर लाव."

सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ. माझी आई राहुकाळात दुधाची पिशवीसुद्धा कापत नाही. मी नऊला सुरू केलं. साडेदहाला ती परत दारात. "यमगंडम लागला. बंद कर." यमगंडम म्हणजे राहुकाळासारखीच रोजची दुसरी अशुभ वेळ.

"आई, ही अजून संपली नाही. निदान सहा तास लागतात."

"यमगंडात निकाल लागला तर तो यमाचा निकाल. बंद कर म्हणते ना."

दीड तासात लाल ओळ एकही आली नव्हती. मी बंद केलं, आणि मनात म्हटलं, आईचंही बरोबर आहे, आपल्या जुन्या पट्ट्यांवर उगाच कशाला संशय? निर्दोष सुटल्या. हा असला निकाल आमच्याच गावात लागू शकतो. जुन्यांना दुपारचं ऊन लागू दिलं असतं तर त्यांनीही लाल ओळी ओकल्या असत्या, कारण पळून पळून दमल्या होत्या त्याच. आणि नव्यांची वेगळी तपासणी? ती मी केलीच नाही. आरोपीची चौकशी करायची गरज काय?

तो कापलेला फोटो मी आमच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "पुण्याहून आलेली भेट. विठोबाच्या सेवेसाठी." बाकी काही लिहिलं नाही. कमी लिहिण्यात विष जास्त राहतं.

ग्रुपवर दोनशे माणसं. एका मावशीने हात जोडल्याचं चित्र टाकलं, तिला वाटलं देवाचा फोटो आहे. पण बाकीच्यांना समजलं. "सेवेत असली वस्तू देऊ नये." "आजकाल पुण्यात डुप्लिकेट फार मिळतं." तिरुप्पनंदाळचे आमचे एक मृदंगवाले नातलग, ज्यांना मेमरी म्हणजे काय हे आजही माहीत नाही, त्यांनी लिहिलं, "कलियुग."

मेव्हण्याचा फोन आला. "भावोजी, वाईट वाटलं बघून. वेग साधाच आहे ना?"

"मी काय लहान मूल आहे?"

"नाही, तसं नाही. पडद्याचा पूर्ण फोटो पाठवाल का? वरचा भाग कापला गेलाय."

"पुरावा मागतोस? दोनशे माणसांनी बघितलाय पुरावा."

 तो म्हणाला, "बरं. दुसऱ्या पाठवतो." आणि चार दिवसांत कुरियरने दुसऱ्या दोन पट्ट्या आल्या. त्या बसवल्या. तिसऱ्या दिवशी निळी स्क्रीन. शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी म्हटलं, मुद्दाम! दोनदा मुद्दाम!

दरम्यान ऑपरेटिंग सिस्टिम मी चार वेळा पुसून नव्याने टाकली. एकदा तर ती टाकता टाकताच कोसळली. म्हणजे भाडेकरू सामान घेऊन दारात आला आणि उंबऱ्यावरच आडवा झाला. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही की भाडेकरू कितीही बदलले तरी घर तेच आहे. वेगाचा तो आकडा मशीनच्या मुख्य बोर्डावर लिहिलेला होता. मी डिस्क धूत होतो.

मेव्हण्याला दर महिन्याला इथून कॉफीची पूड जाते. ताजी दळलेली, शंभर भागांत वीस भाग चिकोरी, त्याहून एक चिमूट जास्त नको, असा त्याचा हट्ट. पूड आणायचं काम माझं. पंगुनीनंतरच्या चित्तिरै महिन्यात मी दुकानदाराला सांगितलं, "अर्धी चिकोरी घाला."

दुकानदार मला लहानपणापासून ओळखतो. त्याने तराजू खाली ठेवला. "कुणी गेलं का हो घरात? तेराव्याच्या गर्दीसाठी हवी का?"

"पाहुण्यांसाठी आहे."

"ते पाहुणे परत यायला नकोत ना?" त्याने विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर निमूटपणे घातली. पुण्यात ती पूड पंधरा दिवस प्यायली गेली. मेव्हण्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. बायकोला फक्त म्हणाला, "ताई, तिकडचं पाणी बदललंय का?" हा न चिडण्याचा जो त्याचा गुण आहे ना, तो मला अजून सहन होत नाही.

मोठा सूड मी कल्याणासाठी राखून ठेवला होता. यंदा रुक्मिणीच्या आईवडिलांच्या पाटावर बसायचा मान मेव्हण्याला आणि त्याच्या बायकोला मिळाला होता. मी भागवतरांकडे जाऊन अंदाज घेतला. "मंडळींत कुजबुज आहे. सडकी वस्तू देणाऱ्याने कन्यादान करावं का, असं लोक म्हणतात."

"लोक म्हणतात की तू म्हणतोस?"

"लोक."

"बसूं दे त्याला," भागवतर म्हणाले. "तू तुझं यंत्र बघ. मागल्या एकादशीच्या भजनाला दोनदा बंद पडलं. लग्नात पडलं तर सेवा मी दुसऱ्याला देणार. आडुतुरैचा तो फोटोवाला विचारून गेला आहे."

 पण सुडाने पेटलेल्या माणसाला भीतीसुद्धा पुढेच ढकलते. मठात मंडपाचे जाड दगडी खांब आहेत. मी दोन दिवस आधी जाऊन कॅमेरा अशा कोनात लावला की विठोबा दिसेल, रुक्मिणी दिसेल, भागवतर दिसतील, आणि कन्येच्या वडिलांच्या पाटावर जो बसेल त्याच्या जागी जगाला खांब दिसेल. पुण्यातल्या त्याच्या सासुरवाडीने टीव्ही समोर ठेवून, पेढे वाटून, तीन तास खांब बघावा. मी त्या कोनाकडे बघत एकटाच हसलो.

पहिल्या दिवशी सकाळी मशीन मठात मांडलं, भजन सुरू झालं आणि अर्ध्या तासात निळी स्क्रीन. पुन्हा चालू केलं. तिसऱ्या अभंगाला पुन्हा. ग्रुपवर संदेश कोसळू लागले: "दिसत नाही", "आवाज येतो, देव नाही", "देव आहे, आवाज नाही". दुपारपर्यंत पाच वेळा. माझा शर्ट पिळून बादली भरली असती. भागवतर टाळ खाली ठेवून माझ्याजवळ आले.

"उद्या दहाला मुहूर्त आहे. संध्याकाळपर्यंत हे नीट जालं नाही, तर फोटोवाल्याला फोन करतो. रागावूं नको. लग्न तुझ्यासाठी थांबत नाही."

"दोष माझा नाही," मी मोठ्याने म्हणालो, मंडपात सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ज्याने पट्ट्या दिल्या त्याला विचारा."

तो तिथेच उभा होता. सकाळच्या गाडीने आलेला, कासोट्याचं धोतर, उघडं अंग, कपाळाला बुक्का. सगळी माणसं आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघू लागली.

"भावोजी, मी बसू का?" त्याने विचारलं.

"काही गरज नाही."

"बसूं दे त्याला," माझी बायको म्हणाली. हे वाक्य ती अगदी भागवतरांच्या सुरात म्हणाली.

तो बसला. मशीन बंद करून सुरू केलं आणि ती कळ दाबून धरली. बायोस उघडलं. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"भावोजी, हे छत्तीसशे कुणी केलं?"

आणि त्या क्षणी मला आठवलं. आठवण म्हणजे काय चीज आहे बघा. चार महिने कुठे होती कोण जाणे. पोंगलची संध्याकाळ, फोनवरचा व्हिडिओ, मांडीवरची थाप, सगळं सरसर समोर आलं. पायाखाली मठाची फरशी होती म्हणून, नाही तर जमिनीत गेलोच असतो.

"आपोआप झालं असेल," मी म्हणालो. "ऊन फार आहे."

 मेव्हण्याने आणखी एक पान उघडलं. बायोसमध्ये आपण केलेली मांडणी नाव देऊन जपून ठेवता येते. आणि मी ती जपून ठेवली होती. पोंगलच्या त्या संध्याकाळी, भरात, मी तिला नाव दिलं होतं. इंग्रजी अक्षरांत, ठळक, पांढरं.

"काय लिहिलंय तिथे?" भागवतरांनी चष्मा शोधत विचारलं.

मेव्हणा घुटमळला. खरं सांगतो, तो माणूस ते वाचणार नव्हता. पण भागवतर पुन्हा म्हणाले, "वाच की."

त्याने हळूच वाचलं, "दाखवतो तुला."

मंडपातली माणसं पडदा बघायला पुढे सरकली.

"कोणाला?" भागवतरांनी विचारलं.

 माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. रडते आहे असं मला क्षणभर वाटलं, आणि तसं असतं तर बरं झालं असतं.

मेव्हण्याने वेग सव्वीसशेवर आणला, मशीन सुरू केलं, संध्याकाळपर्यंत तपासणीचा प्रोग्राम चालू ठेवला. आईनेही त्या दिवशी यमगंडम काढला नाही. एकही लाल ओळ आली नाही. मग त्याने कॅमेरा जोडून चित्र पाहिलं आणि बराच वेळ मान तिरकी करून बघत राहिला.

"भावोजी, उद्या लग्न खांबाचं आहे का?"

भागवतर तेव्हाही हसले. माझ्या आयुष्यात ते दोनदा हसले आहेत, दोन्ही वेळा या माणसाच्या बोलण्यावर.

कॅमेरा त्यांनीच सरकवून घेतला. दुसऱ्या दिवशी कल्याण झालं, आणि मशीन सकाळपासून दुपारपर्यंत एकदाही अडलं नाही. मी मागे बसून कन्येच्या वडिलांना जगभर पोचवत होतो. मन अजून निवलेलं नव्हतं. तो जेव्हा जेव्हा घाम पुसायचा तेव्हा तेव्हा मी जवळून दाखवत होतो, थेंब मोजता येतील इतक्या जवळून. त्याचाही उपयोग झाला नाही. पुण्याहून ग्रुपवर आलं: "जावयांचे डोळे भरून आलेले पाहून आम्हालाही गहिवरून आलं. कॅमेरावाल्यांचे आभार."

तिसऱ्या दिवशी मंगलारती झाली. भागवतरांच्या हातात वस्त्र होतं. ते माझ्यासमोर येऊन थांबले, पण हात वर केले नाहीत.

"जिथे तो फोटो टाकलास, तिथेच आधी खरं लिही. मग बांधतो."

मी फोन काढला. पहिल्यांदा लिहिलं, "काही तांत्रिक कारणांमुळे..." भागवतर म्हणाले, "वाचून दाखव." दाखवलं. "तांत्रिक कारणाला नाव आहे ना? ते घाल." सारी मंडळी आरतीचं ताट धरून थांबलेली, कापूर विझत चाललेला, आणि मी गाभाऱ्यासमोर उभा राहून दोनशे माणसांना लिहीत होतो की मेव्हण्याने दिलेल्या पट्ट्या चारही उत्तम आहेत, सडकं जे काही होतं ते माझ्या डोक्यात होतं. पाठवल्याबरोबर मेव्हण्याच्या कमरेला खोचलेला फोन टिंगकन वाजला. त्याने तो काढूनही पाहिला नाही. एवढी तरी संधी घ्यायची होती! मी असतो तर मोठ्याने वाचला असता, दोनदा.

भागवतरांनी वस्त्र बांधलं. गाठ जरा जास्तच आवळली, असं मला वाटलं. "पुढच्या साली सेवा तुझीच," ते म्हणाले. "पण आधी तो यंत्र बघेल, मग तू हात लावायचा."

मेव्हणा पुण्याला परत गेला. मशीन घरी आलं. दोन दिवस मी सरळ वागलो. तिसऱ्या दिवशी सकाळी, काही करायचं म्हणून नव्हे, नुसता तो आकडा एकदा बघावा म्हणून, मी कळ दाबून धरली. माजघर उघडलं नाही. पडद्याच्या मधोमध एक चौकोन आला. पासवर्ड विचारत होता.

मी पासवर्ड घातलेला नव्हता. मी विठोबाचं नाव टाकून पाहिलं, मेव्हण्याचं टाकलं, त्याच्या बायकोचं, आट्टुकलही टाकलं. नाही. स्वयंपाकघरात गेलो. बायको कोथिंबीर निवडत होती.

"तुझ्या भावाने माझ्या मशीनला कुलूप घातलंय."

"मला ठाऊक आहे. पासवर्ड मला सांगून गेलाय."

"मग दे."

"नाही देणार."

"मशीन माझं, धंदा माझा, सेवा माझी, आणि किल्ली तुझ्याकडे? मशीनने काय गुन्हा केला होता कुलूप लावण्यासारखा?"

तिने मानही वर केली नाही.

"मशीनने काहीच केलं नव्हतं. तुम्हाला कुलूप घालता येत नाही, म्हणून त्याला घातलं."